शिलेदाराची चाकरी : बडोद्यातील ग्राफिक डिझायनर आणि त्याचे गिऱ्हाईक

मराठी फौजेच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यारे सरकारातून मिळत, तर शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई, आणि म्हणून चाकरी कोणाकडे, किती मुदतीची आणि किती मोबदल्यावर करायची, ही बोलणी त्याला स्वतःच करावी लागत. इंग्रजीतला ‘फ्रीलान्स’ हा शब्दही मुळात असाच, कोणाच्या कायम पदरी नसलेल्या भालाइताचा असून वॉल्टर स्कॉट यांच्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत तो त्या अर्थाने येतो. आज पगारी नोकरी न करता निरनिराळ्या ग्राहकांची कामे सुटी घेणाऱ्या व्यावसायिकाला हे नाव आहे, आणि ग्राफिक डिझायनर हा त्यातला ठळक वर्ग होय. अक्षरे, चित्रे, रंग आणि मोकळी जागा यांची अशी मांडणी करणे की ठरलेला मजकूर ठरलेल्या माणसापर्यंत ठरलेल्या हेतूने पोचावा, हे ग्राफिक डिझाइनचे काम; मागच्या पिढीत यालाच ‘कमर्शियल आर्ट’ म्हणत, आणि कलाशिक्षणात ‘उपयोजित कला’ हे नाव आजही चालते.

शिलेदाराच्या अंगी दोन कसब लागत, एक घोडा राखण्याचे आणि दुसरे चाकरी मिळवण्याचे. ग्राफिक डिझाइनच्या शिक्षणात पहिल्यावर चार वर्षे जातात आणि दुसरे बहुधा रस्त्यावर शिकावे लागते. या दुसऱ्या कसबाला ‘मार्केटिंग’ म्हणतात. मात्र त्याचा अर्थ केवळ जाहिरात असा घेतला तर घोटाळा होतो, कारण आपल्या कामाची गरज कोणाला आहे, ती कोणत्या वेळी उद्भवते, त्या वेळी त्या माणसाच्या समोर आपले नाव कोणाच्या तोंडून यावे आणि आल्यावर त्याला काय दाखवावे, हा सगळा विचार त्यात येतो. मराठी बोलण्यात जुन्या सवयीने अजून बडोदे म्हटल्या जाणाऱ्या वडोदरा शहरात या विचाराला एक खास वळण मिळते, कारण तेथे कलावंतांची टंचाई कधीच नव्हती आणि गिऱ्हाईक मात्र बहुतांशी कलेशी संबंध नसलेले, कारखानदारीतले आहे.

या शहराच्या इतिहासात स्वतःचे काम विकू पाहणाऱ्या दोन चित्रकारांची उदाहरणे परस्परांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले राजा रविवर्मा यांचे. त्रावणकोरच्या या चित्रकाराला बडोद्याचा दरवाजा उघडून दिला तो सर टी. माधवराव यांनी. मूळचे तंजावरी मराठी असलेले माधवराव आधी त्रावणकोरचे दिवाण होते आणि १८७५ पासून १८८२ पर्यंत, म्हणजे सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या अल्पवयीन काळात, बडोद्याचे दिवाण होते. १८८१ च्या अखेरीस सयाजीरावांना राज्याधिकार मिळाले त्या समारंभाच्या निमित्ताने रविवर्मा बडोद्यात आले. ओळखीच्या आणि विश्वासाच्या माणसाने तिसऱ्याकडे नाव सांगणे, ज्याला आज ‘रेफरल’ म्हणतात, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. पुढे १८८८ मध्ये सयाजीरावांनी त्यांच्याकडे पौराणिक विषयांवरील चौदा चित्रांचे काम सोपवले, आणि ती १८९० मध्ये पुरी झाल्यावर राजवाड्यात जाण्यापूर्वी लोकांना पाहण्यासाठी मांडली गेली. माधवरावांचा आणखी एक सल्ला असा होता की दोन हातांनी सगळ्या मागणीला पुरे पडणे अशक्य असल्याने निवडक चित्रांच्या तैलरंगी छापील प्रती, म्हणजे ओलिओग्राफ, काढाव्यात. १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्यामागे या सल्ल्याचे बीज दिसते. त्या छापील चित्रांनी घरोघरच्या भिंतींवर रविवर्मांचे नाव नेले, आणि चित्रकाराला जे स्वतः सांगावे लागले असते ते चित्रांनीच सांगितले.

दुसरे उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके यांचे, जे पुढे दादासाहेब म्हणून चित्रपटाच्या इतिहासात गेले. सयाजीरावांनी १८९० मध्ये स्थापन केलेल्या आणि त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या कलाभवनात फाळके शिकले. तेथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि छपाईची तंत्रे त्यांनी आत्मसात केली. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा धंदा मांडला, पण प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावल्यानंतर ते पुन्हा बडोद्याला आले आणि तोच धंदा येथे सुरू केला. त्यांच्या चरित्रांत नोंद आहे ती अशी, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि आयुष्य कमी करतो, असा समज गावात पसरलेला होता. बडोद्याच्या राजपुत्रालाही तीच शंका होती, आणि फाळक्यांनी दरबारात जाऊन छायाचित्रणाचे फायदे समजावून दिल्यावर राजपुत्राचे समाधान झाले, तरी धंदा मात्र चालला नाही. मग ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले.

या दोन उदाहरणांतला फरक नशिबाचा म्हणून सोडून देता येत नाही. फाळक्यांना मिळालेली मान्यता सर्वोच्च होती, पण दुकानाच्या उंबऱ्यावर थबकणाऱ्या माणसाची भीती दरबारातल्या होकाराने जात नव्हती, कारण ती भीती त्याच्या स्वतःच्या जिवाची होती. उलट नाटक मंडळीच्या मालकाला पडदा का हवा, कोणत्या प्रयोगाआधी हवा आणि त्यासाठी तो किती पैसे मोजेल, हे सगळे आधीच ठरलेले होते. चित्रकाराने फक्त त्या गरजेच्या वाटेत उभे राहायचे होते. आजही बडोद्यातील कित्येक तरुण डिझायनर मोठ्या पुरस्काराच्या किंवा मोठ्या नावाच्या जोरावर काम मिळेल या आशेवर राहतात आणि गिऱ्हाइकाच्या मनात नेमकी कोणती धास्ती आहे याचा शोध घेत नाहीत.

ती धास्ती समजण्यासाठी या शहरातले गिऱ्हाईक कोण आहे हे पाहावे लागते. १९०७ मध्ये येथे निघालेल्या अलेम्बिक कंपनीच्या संस्थापकांत कलाभवनाचे गज्जर, तसेच कोटिभास्कर आणि अमीन ही नावे आहेत, म्हणजे या शहरातली रसायन-उद्योगाची परंपराच कलाभवनाच्या अंगणातून निघालेली आहे. त्यानंतर औषधे, रंग, पंप, विजेची रोहित्रे म्हणजे ट्रान्सफॉर्मर, १९६५ मध्ये कोयली येथे सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना आणि त्याच्या मागोमाग आलेला पेट्रोरसायनांचा पसारा, यांनी शहराला आजचे रूप दिले. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला लघुउद्योजक जे बनवतो ते बहुधा दुकानात विकले जात नाही. त्याचे गिऱ्हाईक म्हणजे दुसरा कारखाना, वीज मंडळ किंवा परदेशातला खरेदी अधिकारी. अशा उद्योजकाला सुंदर चित्र आणि सामान्य चित्र यांतला फरक कळेलच असे नाही, आणि तो कळत नाही याची त्याला जाणीवही असते. म्हणूनच डिझायनर निवडताना तो चित्राकडे कमी आणि समोरचा माणूस आपला धंदा समजून घेतो की नाही याकडे जास्त पाहतो. त्याला धास्ती असते ती पैसे फुकट जाण्याची, वेळ चुकण्याची आणि छापून आलेला माल कायद्यात न बसल्यामुळे रद्दीत घालावा लागण्याची.

यातली शेवटची धास्ती काल्पनिक नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाच्या लेबलवर डाव्या कडेला तांबडी उभी रेघ लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर, काही मिश्र औषधे वगळता, औषधाचे मूळ नाव त्याच्या ब्रँडनावापेक्षा निदान दोन फाँट-आकारांनी मोठे छापावे लागते, जे डिझायनरच्या सगळ्या सवयींच्या नेमके उलट आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरव्या चौकटीत हिरवे वर्तुळ असते, पण मांसाहाराचे चिन्ह अलीकडच्या नियमांनी तपकिरी वर्तुळाऐवजी तपकिरी त्रिकोण केले आहे, आणि इंटरनेटवरून उतरवलेले जुने चिन्ह लावून मोकळे होणारे डिझायनर आजही आढळतात. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनी निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव व पत्ता, तक्रारीसाठीचा संपर्क हे सगळे सक्तीचे केले असून आकड्यांची किमान उंचीसुद्धा ठरवून दिली आहे. हे नियम पाठ असलेला डिझायनर पहिल्याच भेटीत जुन्या पाकिटातली एखादी चूक दाखवून देतो, तेव्हा त्याला स्वतःविषयी आणखी काही बोलावे लागत नाही. वकील किंवा सनदी लेखापाल यांच्या नावामागे एक परिषद आणि तिची सनद उभी असते, आणि त्याच कारणाने त्यांच्या जाहिरातीवर बंधनेही असतात. ग्राफिक डिझायनरला ना सनद ना बंधन, त्यामुळे ‘हा माणूस भरवशाचा आहे’ हे सिद्ध करण्याचा सगळा भार त्याच्या कामावर आणि बोलण्यावर पडतो.

हे सिद्ध करण्याचे मुख्य साधन म्हणजे पोर्टफोलिओ, अर्थात निवडक कामांचा संग्रह. बडोद्यात या बाबतीत एक अडचण आहे आणि ती येथील कलाशिक्षणाच्या मोठेपणातूनच आलेली आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली. मार्कंड भट्ट तिचे पहिले अधिष्ठाता, आणि इंदूरला जन्मलेले मराठी चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तिच्या चित्रकला विभागाचे पहिले शिल्पकार म्हणावेत असे शिक्षक. तेथे वर्षअखेरीस भरणाऱ्या प्रदर्शनात विद्यार्थी आपले काम भिंतीवर लावतो आणि पाहणारा जाणकार ते न बोलता वाचतो. ही सवय घेऊन बाहेर पडलेला पदवीधर कारखानदारासमोरही वीस सुबक चित्रे ठेवून गप्प बसतो, आणि तेथे ती गप्प बसण्याची सवय महागात पडते. कारखानदाराला दाखवायच्या संग्रहात सात-आठ कामे पुरतात, पण प्रत्येकाशेजारी चार ओळींचा खुलासा हवा: कंपनीची अडचण काय होती, खर्चाची आणि छपाईची मर्यादा कोणती होती, कोणता पर्याय का सोडून दिला, आणि छापून आल्यावर काय बदलले. त्याच विद्याशाखेत १९६० च्या दशकापासून भरत आलेल्या कलामेळ्याचे उदाहरण येथे अधिक उपयोगाचे आहे, कारण त्यात शिक्षक आणि विद्यार्थी स्वतः बनवलेली खेळणी व वस्तू सामान्य माणसाला विकत, आणि विकताना किंमत सांगावी लागे. ज्याच्याकडे अजून छापलेले काम नाही त्याने एखाद्या खऱ्या उत्पादनाची लेबले स्वतःहून नव्याने मांडून दाखवायला हरकत नाही, मात्र ते काम कोणी सांगितलेले नव्हते हे तेथेच स्पष्ट लिहावे. ही खबरदारी न घेणाऱ्याची लबाडी या शहरात फार दिवस झाकली जात नाही, कारण येथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या वर्गमित्राला ओळखतो. ‘कलेची मनापासून आवड’ वगैरे वाक्यांनी भरलेला परिचय मात्र वगळलेला बरा, कारण त्या आवडीची किंमत गिऱ्हाइकाला द्यायची नसते.

ओळखीची वाट बडोद्यात बहुधा छापखान्यातून जाते. नवी कंपनी निघाली की सर्वांत आधी तिला लेटरहेड आणि व्हिझिटिंग कार्ड लागते, आणि म्हणून तिच्या जन्माची बातमी छापखानेवाल्याला लवकर कळते. छापखान्यात बसलेला संगणकावरचा कारागीर छपाईच्या दरातच किरकोळ मांडणी करून देतो, त्यामुळे छापखाना हा डिझायनरचा स्पर्धकही आहे. परंतु कॅटलॉग, पेटीचे डिझाइन किंवा बोधचिन्ह यांसारखे मोठे काम आले की तोच छापखानेवाला एखाद्या डिझायनरचे नाव सुचवतो. ते नाव कोणाचे असते? ज्याची फाइल परत येत नाही त्याचे. कापणीनंतर पांढरी कड दिसू नये म्हणून चहूबाजूंनी सोडलेली तीन मिलिमीटरची रंगाची पट्टी, जिला ‘ब्लीड’ म्हणतात, छपाईच्या चार शाईंत रूपांतरित केलेले रंग, आकृतीत बदलून ठेवलेली अक्षरे आणि वेगळ्या थरावर दाखवलेली घडीची रेघ, एवढे नीट केलेली फाइल छापखान्याचा अर्धा दिवस वाचवते, आणि तो अर्धा दिवस डिझायनरच्या जाहिरातीचा खर्च समजावा. छापखान्यात एक सकाळ उभे राहून कागद आणि शाईचे गणित पाहणे हे दहा ठिकाणी परिचयपत्र पाठवण्यापेक्षा जास्त फळ देते, असे म्हणायला हरकत नाही.

भाषेची बाजूही कमी लेखण्याजोगी नाही. गुजराती लिपी देवनागरीची सख्खी बहीण असली तरी तिला शिरोरेषा नाही, आणि त्यामुळे दोन्ही लिप्या एकाच पाकिटावर सारख्या आकारात छापल्या की गुजराती ओळ हलकी आणि देवनागरी ओळ जड दिसते. तो तोल सांभाळायला दोन्ही लिप्या वाचता येणारा डोळा लागतो. गमतीची गोष्ट अशी की गुजराती अक्षरे छापात प्रथम उमटली तीच १७९७ मध्ये, मुंबईच्या एका वृत्तपत्रातील जाहिरातीत. गायकवाडी काळापासून बडोद्यात राहिलेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलांना घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत हिंदी आणि इंग्रजी अशा चारही भाषा सहज येतात. महाराष्ट्रात माल पाठवणाऱ्या गुजराती उत्पादकाला आपल्या पाकिटावरचे मराठी हिंदीतून उचललेले नसावे अशी गरज असते, आणि ही गरज भागवणारा डिझायनर मुंबईच्या मोठ्या जाहिरात संस्थेपेक्षा त्याला जवळचा वाटतो. भाषेबरोबरच नाव लोकांच्या डोळ्यांसमोर राहणेही कामी येते. मुंबईतल्या मराठी व्यवसायात दीनानाथ दलाल यांनी १९४५ पासून ‘दीपावली’ हा दिवाळी अंक स्वतः काढून आपल्या चित्रांना दरवर्षीचे हक्काचे दालन मिळवून दिले, आणि कमल शेडगे यांच्या अक्षरांनी मराठी नाटकांच्या वृत्तपत्रीय जाहिराती ओळखल्या जाऊ लागल्या. दोघांनाही नेमाने दिसणारे ठिकाण हेच सर्वांत मोठे भांडवल ठरले.

मागणीला ऋतू असतात. नवरात्रातल्या मोठ्या गरब्यांचे पास, कमानी आणि प्रायोजकांचे फलक यांची घाई सर्वांना दिसते आणि म्हणून त्या कामाला भावही कमी मिळतो, कारण त्या दिवसांत हात चालवणारा प्रत्येक जण बाजारात असतो. औद्योगिक प्रदर्शनांचे वेळापत्रक मात्र फारसे कोणी पाहत नाही. विद्युत-उपकरणांच्या उत्पादकांची संघटना भरवत असलेल्या ‘इलेक्रामा’सारख्या प्रदर्शनात रोहित्र बनवणारा कारखाना दालन घेतो तेव्हा त्याला दालनाच्या भिंती, माहितीपत्रक, उत्पादनांची पुस्तिका आणि भेटवस्तूंची वेष्टने असे सगळे एकदम लागते, आणि ते त्याच्या लक्षात बहुधा उशिरा येते. चार महिने आधी फोन करून गेल्या वेळच्या पुस्तिकेतल्या तांत्रिक तक्त्यांची मांडणी कशी सुधारता येईल हे सांगणारा डिझायनर तेथे उपरा ठरत नाही.

इंटरनेटविषयी थोडक्यात सांगता येईल. कामे मांडण्यासाठी ‘बिहान्स’सारखी ठिकाणे २००५ पासून आहेत, आणि परदेशी गिऱ्हाईक तेथून मिळूही शकते, परंतु मकरपुऱ्यातला उद्योजक तेथे डिझायनर शोधायला जात नाही, तो ओळखीच्या माणसाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ उघडतो. २०१३ मध्ये आलेल्या ‘कॅन्व्हा’ने आणि अलीकडे चित्रे बनवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेने सणाच्या शुभेच्छापत्रासारखी बारीक कामे गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या हातात दिली आहेत, आणि त्या कामांसाठी स्वतःची जाहिरात करत राहणे म्हणजे आटलेल्या विहिरीवर मोट जोडणे होय.

उरतो तो पैशाचा आणि कागदाचा प्रश्न, ज्यावर नवे डिझायनर संकोचाने बोलत नाहीत. ‘आधी नमुना दाखवा, आवडला तर बघू’ या मागणीला फुकट नमुना देऊन होकार देणारा स्वतःच्या वेळेला किंमत नाही असे जाहीर करतो. त्याऐवजी जुने काम दाखवावे आणि नव्या कामाचा पहिला टप्पा लहान पण सशुल्क ठेवावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार पगारी नोकराने केलेल्या कलाकृतीचा हक्क सर्वसाधारणपणे मालकाचा असतो, पण मुक्त व्यावसायिकाकडून हक्क घ्यायचा तर हस्तांतर लेखी लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. गिऱ्हाइकाला हे पहिल्यांदा समजावून सांगणारा डिझायनर त्याला सहसा अधिकच जबाबदार वाटतो. त्याच कागदात ‘हे काम डिझायनरला आपल्या संग्रहात दाखवता येईल’ ही ओळ घालून घेतली नाही तर औषध किंवा रसायन कंपन्यांच्या गुप्ततेच्या अटींखाली वर्षाचे उत्तम काम कपाटात बंद होते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला काही उरत नाही.

वर्षाची उलाढाल वीस लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्याला देशांतर्गत कामासाठी सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही. ‘उद्यम’ नोंदणी मात्र फुकट होते आणि ती करून ठेवावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात, आणि न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. प्रत्यक्षात व्याज मागून गिऱ्हाईक टिकत नाही, हे जाणणारे डिझायनर उद्यम क्रमांक बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापतात, त्याविषयी तोंडाने चकार शब्द काढत नाहीत, आणि निम्मी रक्कम काम सुरू होण्याआधी घेतात.